आधी टेपबॉल, मग संघ

1984 चा क्रिकेटचा पहिला आशिया चषक शारजात झाला. तिथले मराठी, पाकिस्तानी, श्रीलंकन शेजारी सुट्टीच्या पहाटे टेपबॉल खेळतात. टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिकल टेप गुंडाळायची ही पद्धत कराचीची. टेप हलकी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवत लावा. सैल राहिली तर सुरकुतीपाशी फाटते, चेंडू भलताच वळतो आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. म्हणून दर डावाला नवा चेंडू, शिवाय दोन राखीव.

संघ देशावार पाडूच नका, चिठ्ठ्या टाका. कोल्हापूरचा आणि लाहोरचा एकत्र सलामीला उतरले की धाव घेताना हाक मारावीच लागते! सहा-सहा षटकं पुरेत. उन्हाळ्यात नऊनंतर ऊन सोसवत नाही. जेवणात शाकाहारी पदार्थ वाढायचे डाव वेगळे ठेवा, हलाल मांसाच्या भांड्यावर तसं लिहा.