रक्काचा न्हावी आणि प्रश्न क्रमांक १

त्या सोमवारी वर्गात शिरले तेव्हा एरवी खिडकीपाशी घोळक्यानं बसणारे अरबी बोलणारे विद्यार्थी दोन टोकांना बसले होते. कारण विचारायची गरज नव्हती. शनिवारी, २७ एप्रिल २०२४ ला, आमच्या हॅम्बुर्गमध्ये स्टाइनडाम रस्त्यावर हजाराहून जास्त लोकांनी निदर्शनं केली होती. संघटनेचं नाव ‘मुस्लिम इंटरॅक्टिव्ह’. हातातल्या फलकांवर लिहिलं होतं : ‘खिलाफत हाच उपाय’. खिलाफत म्हणजे खलिफाचं, धर्माच्या कायद्यानं चालणारं राज्य. मी भेंडी आणि कोथिंबीर आणायला जाते, तोच हा रस्ता.

मी कोल्हापूरची. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले, लग्नानंतर इथे आले आणि आता नव्यानं आलेल्यांना, बहुतेक निर्वासितांनाच, शिकवते. भाषेच्या ६०० तासिका झाल्या की १०० तासिका जर्मनीची राज्यघटना, इतिहास आणि समाजजीवन यांच्या असतात. शेवटी ३३ प्रश्नांची परीक्षा, १५ बरोबर आले की पास. सगळे प्रश्न आधीच जाहीर असतात आणि यादीतला पहिलाच असा : जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे बोलू शकतात, कारण इथे काय आहे? धर्मस्वातंत्र्य, कर, मताधिकार की अभिव्यक्तिस्वातंत्र्य? त्या दिवशी मला नेमकं तेच शिकवायचं होतं.

मी फळ्याकडे वळले आणि मागून आवाज आला, “बाई, शनिवारी मी तिथे होतो.”

बोलणारे गृहस्थ पन्नाशीचे, सीरियातल्या रक्का शहरातले न्हावी. वर्गात फारसं बोलत नसत. त्या दिवशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलत राहिले. २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’नं रक्का घेतलं, खिलाफत जाहीर केली आणि दाढी करायला बंदी आली. त्यांनी वस्तरे फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात लपवले. शहरात एक चौक आहे, नईम चौक. नईम म्हणजे स्वर्गसुख. त्या चौकाच्या कठड्यावर कापलेली मुंडकी लावलेली असत. मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला घेऊन जाताना ते एका हातानं त्याचे डोळे झाकत. सांगता सांगता त्यांनी हात तसा धरून दाखवला, हवेत, मुलाच्या डोक्याच्या उंचीवर.

“तोच शब्द शनिवारी इथे ऐकला,” ते म्हणाले. “आणि पोलीस बंदोबस्ताला. मग मी आलो कशाला?”

दुसऱ्या टोकाचा बावीस वर्षांचा मुलगा उसळला. “मला नको खिलाफत! पण माझ्या बहिणीला हिजाबामुळे दोनदा नोकरी नाकारली. गाझाबद्दल बोललं की लोक संशयानं बघतात. निदान ते आमच्या बाजूनं बोलतात.”

त्याची तक्रार खोटी नव्हती. ‘मुस्लिम इंटरॅक्टिव्ह’सारखी मंडळी अशा तक्रारींवरच पोसली जातात, असं मला वाटतं. मोबाइलवर चकचकीत व्हिडिओ, झकास जर्मन, सुरुवातीला फक्त अन्यायाची गोष्ट, आणि खिलाफत मग हळूच. मी त्याला सांगितलं, २०१५ मध्ये इथल्या घटना न्यायालयानं शिक्षिकांवरची सरसकट हिजाबबंदी घटनाबाह्य ठरवली. खटला मुस्लिम शिक्षिकांनीच लढवला होता. खलिफाच्या राज्यात त्या कोणाविरुद्ध आणि कुठे दाद मागणार? तो गप्प बसला. पटलं म्हणून की नाही, कोण जाणे.

एवढ्यात ट्युनिशियाच्या एका बाईंनी हात वर केला. त्यांचे वडील एन्नाहदा या इस्लामवादी पक्षाला मत द्यायचे. “आमच्याकडे त्यांनी जानेवारी २०१४ मध्ये सत्ता सोडली,” त्या म्हणाल्या. “नव्या घटनेत सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आलं, त्यालाही त्यांनी मत दिलं. आज त्यांचे नेते घन्नुशी तुरुंगात आहेत. कोंडणारे काही इस्लामवादी नाहीत. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.”

खरं आहे. धार्मिक माणूस राजकारणात आला याला माझी हरकत नाही. हरल्यावर खुर्ची सोडणार का आणि आपल्यातलं कुणी वेगळं वागू लागलं तर त्याला सुखानं जगू देणार का, एवढंच मला विचारायचं असतं. खिलाफतवाल्यांचं उत्तर त्यांच्या फलकावरच होतं. जर्मनी म्हणजे ‘मूल्यांची हुकूमशाही’, असंही त्यांनी लिहिलं होतं. ज्या राज्यघटनेच्या संरक्षणात उभे होते, तिलाच.

“तुमच्या देशात काय?” कुणीतरी विचारलं. मी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंबद्दल सांगितलं. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला होता. “फक्त सात?” न्हावीकाकांनी विचारलं. फक्त सात.

पोलीस बंदोबस्ताचा प्रश्न राहिलाच होता. जर्मन राज्यघटनेच्या कलम ८ नं सभेचा हक्क दिलाय, तो विचार आवडला नाही म्हणून काढून घेता येत नाही. संघटनेवर बंदी घालता येते, पण ती घटनेच्या मुळावर उठली आहे हे पुराव्यानं दाखवावं लागतं. सांगताना मला ते थंड वाटत होतं. समोर मुलाचे डोळे झाकलेला बाप, आणि मी कलमं वाचतेय. तरी तेच सांगितलं, कारण त्यांनी पळून येऊन जे मिळवलं ते याच कलमांवर उभं आहे. ११ मेच्या पुढच्या निदर्शनांना प्रशासनानं अट घातली : खिलाफतीची हाक द्यायची नाही, बायका-पुरुषांना वेगळं उभं करायचं नाही. परीक्षेत न्हावीकाकांचे ३१ बरोबर आले.

५ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय गृहमंत्रालयानं ‘मुस्लिम इंटरॅक्टिव्ह’वर बंदी घातली. दुपारी लेकाचे केस कापायला मी काकांच्या दुकानात होते. आता त्यांचं स्वतःचं सलून आहे. रेडिओवर बातमी लागली तशी कात्री थांबली. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी लेकाच्या मानेवरचे केस झटकले.

“कोर्टात जातील ना ते आता?”

“जाऊ शकतात. लाइपझिगला.”

“जाऊ देत,” काका म्हणाले आणि कानामागचे केस वस्तऱ्यानं सारखे करू लागले.