वाचनालयातला जुना खानदेश : निवृत्तीनंतरच्या कामाचा माझा अनुभव

निवृत्तीनंतर गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या कागदांचं काम करायचं असेल, तर स्कॅनर नंतर, कार्यकारी मंडळाचा ठराव आधी. मी ठरावात तीन गोष्टी लिहून घेतल्या. कपाट कोणतं, किल्ली कोणाकडे, आणि गावाच्या इतिहासाचा कुठलाही कागद मला दाखवल्याशिवाय निर्लेखनाच्या, म्हणजे काढून टाकायच्या, यादीत जाणार नाही. तिसरी सगळ्यात कामाची. माझ्या पाहण्यात वाळवीपेक्षा रद्दीनं जास्त नुकसान केलंय. शाळेची स्मरणिका, कापसाच्या जिनिंगची पावती, जत्रेतल्या तमाशाचं हस्तपत्रक यांना दाखल नोंदवहीत क्रमांकच नसतो. साफसफाई निघाली की पहिली गठडी त्यांचीच बांधली जाते. म्हणून वेगळी नोंदवही घातली: क्रमांक, काय आहे, कोणी दिलं, देणगी की फक्त नक्कल करायला, आणि देणाऱ्याची सही. ती सही राहिली, तर पुढच्या पिढीत 'आमच्या आजोबांची वही परत द्या' म्हणून भांडण उभं राहतं.

आता कागद. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५च्या घरात जातो आणि जुनं वर्तमानपत्र पापडासारखं होतं. त्या दिवसांत घडी उलगडायची नाही, घडीवरच तुकडा पडतो. ठिसूळ कागद मी जुलै-ऑगस्टमध्ये उघडतो. हवेतल्या ओलीनं तो थोडा लवचीक होतो. बुरशी झाडायचं काम मात्र हिवाळ्यातच, कोरड्या हवेत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं, आणि बाकी कपाटापासून लांब. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वाचनकक्षातला कूलर. उन्हाळ्यात तो दिवसभर ओली हवा फेकतो, ती थेट कपाटावर आली की बांधणीच्या खळीला बुरशी धरते. कूलरचं तोंड फिरवून घ्या. वाचक कुरकुरतील, कुरकुरू द्या.

सेलोटेप लावायची नाही, आणि लागलेली ओढायची नाही. नोंदवहीत 'टेप आहे' एवढंच लिहायचं. लॅमिनेशनही नको. ते निघत नाही, आणि आतला कागद पिवळा पडायचा थांबत नाही. गंजलेली स्टेपलर पिन सरळ ओढली की भोक मोठं होतं. मागून बांबूच्या पातळ कामटीनं पाय सरळ करून काढावी. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि त्याच दिवशी शिजवलेली पातळ खळ. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडीसाठी. इथं घालू द्यायचा नाही, त्यातल्या तांब्यानं कागद तपकिरी होऊन लवकर मोडतो. बांधायला मांजरपाटाचे रुमाल, पण कोरं कापड दोनदा धुऊन. कापडाची कांजी कसरीला आमंत्रण देते. डांबरगोळ्यांनी कसर मरत नाही, फक्त वास येतो. कीड लागलेली पुस्तकं पॉलिथीनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतो, बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडत नाही, नाहीतर दव धरतं. भारनियमनात फ्रीझर बंद पडला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. काचेच्या निगेटिव्ह त्यात कधीच ठेवू नयेत.

खरं डोकं लागतं ते नोंदीला. जुन्या पत्त्यावर 'पूर्व खानदेश' असलं की तो कागद १९०६ नंतरचा, कारण एक खानदेश जिल्हा त्या वर्षी पूर्व-पश्चिम असा दोन झाला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८चा, म्हणजे त्याआधीच्या नंदुरबारच्या कागदावर 'जि. धुळे', 'पश्चिम खानदेश' किंवा नुसतं 'खानदेश' असणारच. ती चूक समजून दुरुस्त करू नये. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. चोपडे-चोपडा, पाचोरे-पाचोरा अशी दोन्ही रूपं सापडतात. कागदावरचं रूप जसंच्या तसं एका रकान्यात, आजचं दुसऱ्या रकान्यात. एकच रकाना ठेवला की शोधणाऱ्याला अर्धं साहित्य सापडत नाही.

तारखांचं तेच. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंत ७९. व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीला बदलत, त्यांचा संवत कार्तिकी: डिसेंबरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून ५६. फोटोमागं घरच्या माणसांनी नंतर लिहिलेलं सालही तपासावं. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९३६चं; मागं '१९४२, फैजपूर अधिवेशन' दिसलं तर लिहिलेलं एका ठिकाणी, तपासलेलं दुसऱ्या ठिकाणी. खोडायचं काही नाही. वही मोडीत असेल तर अंदाजानं वाचू नका, जाणकाराकडून वाचून घ्या. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं आहेत. असं दप्तर कसं लावतात ते एकदा पाहून यावं.

स्कॅनिंग त्यामानानं सोपं. मजकूर ३०० डीपीआय, फोटो ६००, मूळ फाइल टिफमध्ये. मोठं वर्तमानपत्र स्कॅनरवर मुडपू नये. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. फाइलीच्या नावात फक्त क्रमांक आणि पान. वर्णन युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधली यादी दुसऱ्या संगणकावर निव्वळ चिन्हं दिसते. लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं झाली नसतील तर त्याचं लेखन इंटरनेटवर चढवू नका, वाचनालयात पाहू द्या.

म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेताना पंखा बंद, मोबाइल विमानमोडवर, रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये. आजीबाई 'मन्ही माय' (माझी आई) म्हणाल्या तर 'मन्ही माय'च लिहायचं. अहिराणी ही आपली बोली पुस्तकी मराठीत बसवायला बसलं की म्हणणंच बदलतं. कानबाई या खानदेशी देवीची गाणी, कापसाची बोंडं वेचायची मजुरी, विहिरींची नावं हे आधी विचारा. भुसावळच्या रेल्वेवर छापील बरंच आहे, ते नंतर विचारलं तरी चालेल.

प्रती तीन: वाचनालयाच्या संगणकावर, वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत. वर्षातून एकदा फाइली उघडून पाहायच्या, नुसती डिस्क लागते म्हणून समाधान मानू नये. कोणता रुमाल कोणत्या खणात आहे ती यादी ग्रंथपालांच्या टेबलात ठेवा, स्वतःच्या घरी नको.