गोबेकली टेपेला जाताय? आधी उर्फाचं संग्रहालय बघा

गोबेकली टेपे म्हणजे तुर्कस्तानातल्या उर्फा शहराजवळची टेकडी, तिथे अश्मयुगातले कोरीव दगडी खांब सापडलेत. व्हिडिओ बघून वाटतं, त्या खांबांमधून हिंडता येतं. साफ खोटं. वर भलंमोठं छप्पर, कडेनं लाकडी वाट आणि खांब खाली खड्ड्यात. हात लावणं सोडाच, ४३ नंबरच्या खांबावरचं गिधाड आणि विंचू नीट बघायला दुर्बीण हवी. तिकीट काढून, शटल बसनं वर पोचून, पुढच्या ग्रुपच्या डोक्यांवरून एवढंच दिसणार असेल तर हे आधी सांगायला नको का कुणी?

म्हणून क्रम उलटा ठेवा. उर्फा शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयाला अख्खी सकाळ द्या, टेकडीवर दुसऱ्या दिवशी जा. टेकडीवर खांबांची गोलाकार रिंगणं आहेत, त्यातल्या 'डी' वर्तुळाची पूर्ण आकाराची प्रतिकृती संग्रहालयात आहे आणि तिच्या आत चालता येतं. मधले दोन खांब साडेपाच मीटर उंच. बाजूंना कोरलेले हात, पोटापाशी जुळलेली बोटं, कमरेला पट्टा, त्याखाली कोल्ह्याचं कातडं. म्हणजे ही माणसंच आहेत, पण चेहरा नाही. हे एकदा जवळून बघितलं की टेकडीवर लांबूनही सगळं कळतं. जुन्या शहरात सापडलेला, ऑब्सिडियनच्या (काळ्या ज्वालामुखी काचेच्या) डोळ्यांचा पुरुषभर उंचीचा पुतळाही इथेच आहे. त्याला तोंड कोरलेलंच नाही. मी त्याच्यासमोरून हलेना.

टेकडीवर गाइड घेऊ नका. आमच्या कानावर परग्रहवासी आणि धूमकेतू एवढंच पडलं. खरी गोष्ट त्याहून कितीतरी भारी आहे. १९६३च्या पाहणीत वर डोकावणाऱ्या शिळा बायझंटाइन काळातल्या थडग्यांच्या समजल्या गेल्या. १९९४ साली क्लाउस श्मिट या जर्मन पुरातत्त्वज्ञानं ती जागा ओळखली आणि पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झालं. काळ निघाला इ.स.पूर्व ९५००च्या आसपासचा. तेव्हा मडकी नाहीत, धातू नाही, खाण्यातलं धान्य रानटी. वेरूळचं कैलास लेणं खोदणाऱ्यांच्या हातात निदान लोखंडी छिन्नी होती. इथे गारगोटीच्या हत्यारांनी कातळातून अखंड खांब सोडवलेत! श्मिट म्हणायचे, इथे कुणी राहत नव्हतं, लोक फक्त जमायचे. आधी देवस्थान, शेती नंतर. पुढे छपराच्या पायासाठी खोल खणलं तेव्हा राहती घरं सापडली, पावसाचं पाणी साठवायची सोयही दिसली. वर्तुळं मुद्दाम बुजवली होती, हे मतही आता डळमळलंय. उतारावरचा राडारोडा घसरून आत भरला असावा, असं सध्याचे संशोधक मांडतात. मग हे देऊळ की गावातली जमायची जागा? हा प्रश्न डोक्यात ठेवून वर जा, बघायला दुप्पट मजा येते.

गोबेकलीला शहरातून बस आहे, टॅक्सीची गरज नाही. गाडी लागते ती काराहान टेपेला, म्हणजे याच भागातल्या तशाच दुसऱ्या प्राचीन जागेला, आणि लुबाडणूक तिथेच होते. आमचा चालक जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट एका आकड्याला कबूल झाला होता. तिथे पोचल्यावर थांबण्याचे वेगळे मागायला लागला, जवळजवळ दुप्पट. आजूबाजूला उघडे डोंगर, दुसरं वाहन नाही, ऊन टाळूवर. अर्धा तास हुज्जत घातली आणि शेवटी काही जास्तीचे देऊन सुटका केली. अजून संताप होतो. तुम्ही रक्कम मोबाइलवर आकड्यांत लिहून त्याला दाखवा, त्या स्क्रीनचा फोटो त्याच्या फोनमध्येही जाऊ द्या आणि उर्फाला परत पोचेपर्यंत एक लिराही हातावर ठेवू नका. दोघंतिघं मिळून गेलात तर उत्तम.

तरीही काराहान चुकवू नका. कातळात कोरलेली एक खोली आहे, त्यात उभे खांब आणि भिंतीतून बाहेर आलेलं माणसाचं डोकं. गोबेकलीपेक्षा मला हेच जास्त भिडलं, आणि गर्दीही कमी.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जाऊच नका. एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा. शाकाहारींनी मसुराच्या सूपवर भर द्यावा, लाहमाजुन या पातळ रोटीवर खिमा असतो. जवळच्या हारान गावची मातीची घुमटघरं, उर्फातल्या बालिक्लीगोल तळ्याचे मासे, बाजार सगळं छान आहे, वेळ उरला तर बघा. दोनच दिवस असतील तर एक संग्रहालय आणि गोबेकलीला, दुसरा पूर्ण काराहानला.