दुकानदार नसलेलं दुकान

परिपाठात आम्ही मूल्यं म्हणायचो. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता... दहाच्या दहा तोंडपाठ. मुलांच्या कानावर हे शब्द पडावेतच. पण माझ्या अंगी जे काही लागलं, ते शिक्षकखोलीबाहेरच्या एका लाकडी मांडणीमुळे.

आमच्या वेळच्या मुलांना ते प्रामाणिकपणाचं दुकान आठवत असेल. पेनं, खोडरबर, आलेखाचे कागद, महाराष्ट्राचे कोरे नकाशे. शेजारी फट पाडलेला पत्र्याचा डबा आणि एक वही. वस्तू घ्यायची, वहीत नाव लिहायचं, पैसे डब्यात टाकायचे. बघायला कोणी नाही. महिनाअखेरीस नववीतले दोघं हिशेब करत आणि आकडा फळ्यावर लिहीत.

एकदा बरीच तूट आली. दप्तरं तपासावीत असं कोणीतरी सुचवलं. सर ठाम नाही म्हणाले. "दप्तरं तपासली की पोरं दप्तर सांभाळायला शिकतात, दुसरं काही नाही." तूट फळ्यावर तशीच राहिली. दुकान उघडंच.

त्याहून मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. पुढे माझ्याकडे हिशेब असताना डब्यात पैसे जास्त निघाले. आम्ही खूश! सर म्हणाले, "हे कुणाचे, ते शोधा." वही घेऊन वर्गावर्गांत हिंडलो. पाचवीतल्या एका मुलीने नकाशासाठी पाच रुपयांचं नाणं टाकलं होतं. उरलेले मागायचे कुणाकडे, हे तिला कळलं नव्हतं. सरांनी ते पैसे आमच्याच हातून तिला द्यायला लावले. कमी पडलं तर सगळेच शोधतात. जास्त आलेलं शोधायला मला तिथे शिकवलं गेलं, आणि आज सोसायटीचा खजिनदार म्हणून ताळेबंद लावताना ते रोज उपयोगी पडतं.

आपली शाळा रयत शिक्षण संस्थेची. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली काले गावात ही संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, स्वतःची कामं स्वतः करायची. समतेवर भाषण ऐकण्याआधी ती मुलं समतेने जेवत होती. आमच्या शनिवारच्या सफाईच्या पाळीतही आडनाव बघून काम वाटलं जात नसे, आणि मुतारी धुवायच्या पाळीत सरांचंही नाव असे.

आता शाळांमध्ये कॅमेरे आले. सुरक्षिततेसाठी ते हवेतच, मीही एका मुलीचा बाप आहे. तरीही मुलांना कोणी बघत नसताना नीट वागायची संधी मिळेल, असा एखादा कोपरा शाळेने मुद्दाम राखावा असं मला कळकळीने वाटतं.

मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. येत्या जूनपासून मांडणी पुन्हा लागेल. पहिल्या वर्षाचा माल आमची दहावीची तुकडी भरून देणार आहे. हिशेब मात्र नववीतल्या मुलामुलींनीच ठेवायचा.