नऊ मिलिमीटरांतले तीन गंधार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे असे शाळेचे पत्र हाती पडले, तेव्हा स्नेहसंमेलने आणि सहली आठवण्याआधी मला प्रयोगशाळेच्या खिडकीखालची ती लांब फळी आठवली. आम्हांला गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी ती स्वतः रंधून घेतली होती. तिच्यावर दोन पोलादी तारा शेजारी शेजारी ताणलेल्या होत्या, दोन्ही बरोबर 90 सेंटिमीटर लांबीच्या, आणि त्यांतल्या एकीखाली पुढेमागे सरकणारी लाकडी घोडी होती.

गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा आम्ही नववीत या फळीवर शिकलो. तार निम्मी केली की तार षड्ज, 60 वर घोडी आणली की पंचम, साडेसदुसष्टवर मध्यम. म्हणजे 2:1, 3:2 आणि 4:3, पायथागोरसाच्या परंपरेने स्वरशास्त्राचा पाया मानलेली तीन गुणोत्तरे. लोहाराच्या हातोड्यांची वजने करून पायथागोरसाला ती सापडली, ही प्रसिद्ध गोष्ट सर सांगत, आणि लगेच तारेला वजने टांगून ती खरी असू शकत नाही हेही दाखवत. कारण स्वर दुप्पट उंच करायला ताण दुप्पट नव्हे, चौपट लागतो.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सरांनी मला थांबवून घेतले आणि डोळे मिटून घोडी सरकवत मोकळ्या तारेशी जुळणारा गंधार शोधायला सांगितले. मी बराच वेळ चाचपडले. दोन्ही तारांचा नाद एकमेकांत मिसळला तेव्हा थांबले. सरांनी पट्टी लावली : 72, म्हणजे 5:4. तिथे त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. मग पायथागोरसाच्या रीतीने चार पंचम चढून दोन सप्तके उतरायला लावले. उत्तर आले 81:64, आणि घोडी गेली 71.1 वर. हा गंधार चढा होता, त्यात विस्पंद, म्हणजे न जुळलेल्या दोन नादांची कमीजास्त होणारी लहर, स्पष्ट ऐकू येत होते. शेवटी प्रार्थनेची पेटी आणून त्यांनी भाता मारला. तारा तिच्या षड्जाला मिळवून तिचा गंधार फळीवर शोधला, तर तो दोघांच्या मध्ये, 71.4 च्या आसपास निघाला. नऊ मिलिमीटरांत तीन रेघा, आणि तिन्हींना नाव एकच.

‘‘यातला खरा कोणता?’’ मी विचारले. सरांनी उत्तर दिले नाही, त्या भांडणाची हकीकत सांगितली. पायथागोरसाचे अनुयायी संख्येला प्रमाण मानत. ॲरिस्टॉटलचा शिष्य ॲरिस्टोझेनस म्हणे की स्वराचा न्याय कानानेच करावा. आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने संख्या आणि कान या दोघांचीही साक्ष घेतली. त्याने मांडलेल्या एका सप्तकात माझा 5:4 आहे, हे मला पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचायला मिळाले, आणि त्या दिवशी सरांची फार आठवण झाली.

पेटीचे कोडेही त्यांनी फळ्यावरच उलगडले. बारा पंचम चढून सात सप्तके उतरले की आपण मूळ षड्जावर परत यायला हवे. पण तीनचा बारावा घात 531441 होतो आणि दोनचा एकोणिसावा 524288. ही दोन्ही उत्तरे सरांनी आमच्याकडून हातानेच काढून घेतली होती. उरलेली ही फट पेटीच्या टेंपर्ड, म्हणजे बारा समान पायऱ्यांच्या, सप्तकात बाराही पंचमांत सारखी वाटून टाकतात. त्यामुळे पंचम जेमतेम ढळतो, गंधार मात्र 5:4 च्या मानाने चांगलाच चढा राहतो. कोणत्याही पट्टीत वाजवण्याची सोय त्यातून मिळते हे मला मान्य आहे, पण केवळ पेटीवर कान तयार झालेल्या मुलांना 72 वरचा गंधार उतरलेला वाटतो, याचे मला मनापासून दुःख होते.

आज मी पदवीच्या वर्गांना ध्वनिशास्त्र शिकवते. संगणकावर तिन्ही गंधारांचे षड्जापासूनचे अंतर सेंटमध्ये (एका सप्तकाचे 1200 सेंट) क्षणात दिसते : 386, 400, 408. तरी सत्राच्या पहिल्या आठवड्यात मी तशीच एक फळी वर्गात नेते, आणि आकडे सांगण्याआधी मुलांना डोळे मिटायला लावते. मला जे काही शिकवता येते ते सरांचे आहे. ते असताना हे त्यांना लिहून कळवायचे राहून गेले.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. प्रयोगशाळेची जागा बदलली आहे आणि प्रार्थना आता ध्वनिमुद्रित लागते. फळी कुठे दिसली नाही. जुन्या सामानाच्या खोलीत ती कुणाला सापडली, तर 72 च्या खुणेजवळच्या तीन रेघा कृपया पुसू नयेत आणि मला कळवावे. मी स्वतः येऊन तारा बदलून देईन.