60 लिटरचा समुद्र आणि बोअरचे पाणी

लातुरात, घराच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याचा बेत मी सांगितला तेव्हा आई म्हणाली, "अरे, 2016 ला आपल्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् तू घरात समुद्र करायलास?" तिचा मुद्दा पाणीटंचाईचा होता; पण माझ्या 60 लिटरच्या टाकीने मला पुढे जो त्रास दिला, तोही मिठापेक्षा गोड्या पाण्यानेच दिला.

सुरुवात पुस्तकी रीतीने झाली. घरच्या आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे तयार समुद्री मीठ लिटरमागे सुमारे 38 ग्रॅम मिसळले आणि क्षारता दर हजारी 35 वर आणली. ती मोजायला आधी तरंगत्या काट्याचे स्वस्त साधन घेतले होते. काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की ते खुशाल खोटे सांगते, म्हणून नंतर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून जाणाऱ्या प्रकाशाच्या वळण्यावरून क्षारता दाखवणारे साधन, घेतला. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाण्यातून येणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर स्थिरावायला पाच आठवडे लागले. त्यानंतरच क्लाउनफिशची जोडी टाकीत सोडली.

एप्रिलपासून पारा चाळिशीच्या पुढे गेला. टाकीचे पाणी 27 अंशांच्या आसपास राखण्यासाठी पृष्ठभागावर छोटा पंखा लावला. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने हा उपाय उत्तम चालतो, मात्र त्याची किंमत बाष्पीभवनाने मोजावी लागते. रोज दोन लिटर पाणी उडून जाई आणि मीठ मात्र मागेच राही. लग्नासाठी तीन दिवस अंबाजोगाईला गेलो आणि परतल्यावर क्षारता जवळपास 39 भरली, कारण 60 लिटरांतले मीठ 54 लिटरांत उरले होते. घटलेले पाणी एकदम न ओतता दिवसभरात थोडेथोडे भरले आणि मासे वाचले.

खरे कोडे नायट्रेटचे होते. मासे दोनच, खाणे चिमूटभर, दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदललेले, तरीही चाचणीच्या नळीतला रंग लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या खाली उतरेना. मिठाच्या पाकिटावर केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, 8 लिहिलेली होती. टाकीत ती 11 भरे. वाळूवर तपकिरी शेवाळाचा थर तर रोजचाच झाला होता. मी खाणे आणखी कमी केले, फिल्टरचा स्पंज धुतला, आणि ते सारे व्यर्थ गेले.

शेवटी वरून भरण्याचे पाणीच तपासले. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, 1100 होता आणि आरओच्या पाण्याचा 85. त्या आरओच्या पाण्यातही नायट्रेट 10 च्या आसपास निघाले. यंत्र बसवणाऱ्याने पाण्याला चव राहावी म्हणून टीडीएसचा स्क्रू उघडा ठेवला होता, त्यामुळे थोडे बोअरचे पाणी न गाळताच मिसळत होते. पिण्यासाठी त्यात काही वावगे नव्हते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट 45 पर्यंत चालते. टाकीचा हिशेब मात्र निराळा असतो. रोज दोन लिटर म्हणजे महिन्याला 60 लिटर, अर्थात अख्खी टाकी महिन्यातून एकदा उडून जाते आणि तिची जागा घेणाऱ्या पाण्यातले सारे काही टाकीतच जमा होते. आठवड्याला या वाटेने 140 मिलिग्रॅम नायट्रेट येत होते, आणि बदलण्याच्या सहा लिटरांतून आणखी 60. काढलेल्या सहा लिटरांतून हे 200 मिलिग्रॅम बाहेर जायचे तर टाकीतले नायट्रेट 33 असावेच लागते. म्हणजे एकही मासा नसता तरी आकडा तिथवर चढलाच असता. हे गणित कागदावर मांडले तेव्हा मला त्या स्पंजची दया आली.

स्क्रू बंद केल्यावर टीडीएस 35 वर आला. टाकीसाठी वेगळी नळी काढून तिला डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचे, नळकांडे जोडले, तेव्हा मीटरने शून्य दाखवले. आरओच्या एका लिटरामागे वाया जाणारे तीन लिटर पाणी आई बादलीत धरते आणि त्यानेच फरशी पुसते. दोन महिन्यांत नायट्रेट 15 वर आले, केएच 9 वर स्थिरावली आणि वाळूचा रंग दिसू लागला. जूनमध्ये पाऊस आल्यावर पंखा बंद झाला; आता रोज जेमतेम पाऊण लिटर पाणी भरावे लागते, आणि तेही काचेवर पेनाने ओढलेली रेघ पाहूनच मी भरतो.