लिस्बन : तेजो नदीच्या काठाने

ज्यांनी वसईचा आणि कोर्लईचा किल्ला पाहिला आहे, जुन्या गोव्यातल्या चर्चमधून जे फिरले आहेत, त्यांना लिस्बन हे शहर पूर्णपणे परके वाटणे कठीण आहे. आपल्या किनाऱ्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत ज्या पोर्तुगीजांची सत्ता या ना त्या रूपाने टिकून होती, त्यांचे हुकूम येथून सुटत आणि आपल्याकडून निघालेला माल येथे उतरत असे. म्हणून या शहरात हाती असलेला दिवस मी मुख्यतः तेजो नदीच्या काठासाठी राखून ठेवला.

सकाळी पंधरा क्रमांकाच्या ट्रामने बेलेमला गेले. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजे निघाली ती याच परिसरातून, आणि निघण्यापूर्वी खलाशांनी जिथे प्रार्थना केली असे सांगतात, त्या लहानशा प्रार्थनामंदिराच्या जागी राजा मानुएल याने पुढे जेरोनिमुश मठ उभारला. आफ्रिका आणि पूर्वेकडील देशांशी चालणाऱ्या व्यापारावर सुमारे ५ टक्के कर बसवून त्यातून या बांधकामाचा खर्च भागवला गेला. फिकट चुनखडीच्या दगडात जहाजांचे दोरखंड, गाठी आणि नाविकांची खगोलयंत्रे कोरलेली आहेत. आतल्या चौकाभोवतीच्या दुमजली ओवऱ्यांतल्या कमानींवरही नक्षीकाम आहे. चर्चमधले खांब इतके सडपातळ आहेत की १७५५ चा भूकंप त्यांनी सोसला यावर विश्वास बसत नाही. राजांच्या शवपेट्या दगडी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या पाहून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

प्रवेशद्वाराजवळ वास्को द गामाचे थडगे आहे आणि त्याच्या समोर, काही वर्षे गोव्यात काढलेल्या कामोंइश या महाकवीचे. गामा १५२४ मध्ये कोचीनला वारला, तिथेच प्रथम पुरला गेला आणि नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले गेले. थडग्यावर जहाज कोरले आहे. मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज, त्यातील बायकामुलांसह, त्याने १५०२ मध्ये जाळून टाकले होते, त्याचा मागमूस मात्र तिथे नाही. कलाकुसरीचे कौतुक मनापासून करावे, पण ही आठवण बाजूला सारून ते करू नये, असे मला तिथे तीव्रतेने वाटले.

नदीकाठचे शोधयात्रांचे स्मारक १९६० सालचे आहे. भव्य असले तरी त्याच्यात मला फारसे रमता आले नाही. त्यापेक्षा पलीकडचा बेलेमचा बुरूज अधिक बोलका आहे. त्याच्या एका कोपऱ्यावरील टेहळणी-बुरुजाच्या तळाशी गेंड्याचे झिजलेले शिल्प आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्तीच पळून गेला. पुढे पोपकडे भेट म्हणून पाठवताना, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. ज्या मुक्या प्राण्याला हा सगळा प्रवास आणि असा शेवट सोसावा लागला, त्याचे शिल्प पाहताना मला फार वाईट वाटले.

दुपारी शहराच्या मध्यभागी, नदीला तोंड करून असलेल्या व्यापार चौकात आले. तिन्ही बाजूंना पिवळ्या रंगाच्या कमानदार इमारती, मध्यभागी घोड्यावर बसलेला राजा जुझे आणि चौथ्या बाजूला थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पूर्वी येथे राजवाडा होता आणि पूर्वेच्या व्यापाराचा कारभार पाहणारी ‘कासा द इंडिया’ ही कचेरीही होती. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला. मोकळी जागा म्हणून जे नदीकाठी धावले त्यांच्यावर लाटा चालून आल्या, आणि उरलेले शहर कित्येक दिवस जळत राहिले. राजवाड्याबरोबर त्याचा ग्रंथसंग्रह गेला आणि ‘कासा द इंडिया’चे दप्तरही गेले. आपल्या किनाऱ्यावर कोणते जहाज केव्हा आले, कोणता माल भरून गेले, याच्या किती नोंदी त्यात असतील, या विचाराने तो सुंदर चौक मला एकाएकी रिता वाटू लागला.

चौकामागचे सरळ रस्ते राजा जुझेचा मंत्री पोंबाल याच्या कारकिर्दीत नव्याने आखले गेले. तिथल्या इमारतींच्या भिंतींत भूकंपाचे हादरे पेलण्यासाठी लाकडी सांगाडा बसवलेला आहे. सोनार, चांदीकार, चांभार यांची नावे त्या गल्ल्यांना आजही आहेत. वर टेकडीवर कार्मु मठाचे चर्च मात्र बिनछपराचेच ठेवले आहे.

अल्फामाच्या अरुंद, चढत्या गल्ल्यांतून संध्याकाळी सां जॉर्जच्या किल्ल्यावर पोचले. पर्यटक येथे नदीचे दृश्य पाहायला येतात आणि ते खरोखरच अप्रतिम आहे. पण मी चढून गेले ती राज्याचे दप्तर जिथे होते ती जागा पाहण्यासाठी. चौदाव्या शतकापासून ते याच किल्ल्याच्या एका बुरुजात ठेवले जात असे. भूकंपात तो बुरूज कोसळला. तेव्हा सत्तरी ओलांडलेला दप्तरप्रमुख मानुएल द माया, जो स्वतः लष्करी अभियंताही होता, त्याने ढिगाऱ्यातून कागद उपसून काढले आणि किल्ल्यातच लाकडी छपराखाली त्यांची सोय केली. नव्या शहराच्या आराखड्याचे कामही त्याच्याकडेच आले होते, पण त्याची ही कामगिरी मला अधिक मोलाची वाटते.

गोव्याच्या व्हाइसरॉयांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे कितीतरी खंड भूकंपानंतर काही वर्षांनी गोव्याहून लिस्बनला आणले गेले आणि ते आता याच दप्तरात, ‘तोर्र दु तोंबु’ या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांचे भावंड असलेले उरलेले खंड गोव्यातच राहिले. गोव्याच्या याच पुराभिलेखागारातील कागद वाचून पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास उजेडात आणला. लिस्बनचे अभिलेखागार १९९० पासून विद्यापीठाच्या परिसरातील नव्या इमारतीत आहे. मराठ्यांच्या इतिहासाची ज्यांना आस्था आहे, त्यांनी लिस्बनला जाताना त्यासाठी वेगळा दिवस हाताशी ठेवावा आणि प्रवेशाचे नियम आधीच पाहून घ्यावेत.